तिसरा आग्रह

शेंगेच्या टोकाला एक दाणा चिकटून राहिला होता—एवढासा, धड हिरवाही नाही, शेजारच्यांनी अंग पसरल्यावर ह्याला जागाच उरली नाही म्हणून तसाच राहिलेला. आर्डिसने तो अंगठ्याच्या नखाने उचकटून जिभेवर ठेवला. गोड होता. असे दाणे गोडच असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं; बियाण्यांच्या कंपनीतल्या फोनवर बसून अर्धं आयुष्य ती लोकांना हेच तर सांगत आली होती... नाही हो बाई, घाबरू नका, यंदा उकाडा लवकर आला म्हणून शेंगा भरल्या नाहीत, तशाच काढा नि तशाच खा... आणि मग डाकोटातल्या कुठल्याशा माळावरच्या घरात ती बाई सुटकेचा श्वास टाकायची, तो श्वास आर्डिसच्या कानात उतरायचा, आणि तिला वाटायचं, चला, आजचा पगार हक्काचा झाला.

मांडीवरच्या पातेल्यात दाणे पडत होते. व्हरांड्यापुढे तळं पसरलं होतं आणि वर्लिन, तिचा नवरा, लाकडी धक्क्यापाशी मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून एक गंजलेला बोल्ट पिळत होता आणि त्या बोल्टाशी बोलत होता. "ये ना बाबा... असा... आता कसा आलास." माणसांशी वर्लिन इतक्या लाडाने क्वचितच बोलायचा. जिल्ह्याच्या रस्तेखात्यात त्याने जन्मभर बर्फ ढकलायची गाडी चालवली होती; त्या गाडीत सोबतीला कुणी नसायचं, म्हणून ही यंत्रांशी बोलायची सवय.

ती सुखात होती, उगाच खोटं कशाला बोलायचं? त्रेसष्टाव्या वर्षी सकाळी गजर न लावता उठायचं, कॉफीचा मग घेऊन अनवाणी वाटाण्याच्या वेलापर्यंत जायचं, नवरा समोर दिसतोय, गुडघे अजून शाबूत आहेत, मुलगी डुलुथला, जावई बरा—म्हणजे बोलतो जास्त, पण बरा—आणखी काय हवं असतं माणसाला? सुख टोचायला लागलं म्हणतात, तशातला प्रकार नव्हता. ते छान बसलं होतं अंगावर.

आणि नेमकी तिथंच मेख होती.

फ्रीजच्या दारावर, माशाचं चित्र असलेल्या लोहचुंबकाखाली, कोर्टाकडून आलेला एक कागद होता. खाली सही करायची आणि मिनियापोलिसच्या वकिलांकडे पाठवायचा. फोनने फोटो काढून पाठवला तरी चालतो, असं त्यात लिहिलं होतं. की मी, आर्डिस लोकेन, मला कंपनीने माझ्या वयामुळे काढलं असं माझं म्हणणं आहे, आणि ह्या दाव्यात मला सामील व्हायचं आहे. मुदत आज, संध्याकाळी पाचपर्यंत. पाचनंतर दार बंद, आणि मग कितीही हळहळलं तरी ह्या दाव्यात शिरता येणार नव्हतं. कागद महिनाभर तिथे होता. फ्रीजमधून दूध घेताना ती त्याच्याकडे बघायची नाही, वर्लिनही बघायचा नाही, आणि दोघंही बघत नाहीत हे दोघांनाही नीट कळत होतं.

सही करायला दोन क्षण पुरले असते. पण काय म्हणून करायची? मला काय झालंय? काही नाही. मी मजेत आहे. ज्याचं घर जळलं त्याने बोंब मारावी, मी व्हरांड्यात बसून वाटाणे सोलतेय... आणि शिवाय तो केक होता.

तो केक आठवला की तिच्या कानाच्या पाळ्या अजून गरम व्हायच्या. चर्चच्या तळघरात, रविवारच्या प्रार्थनेनंतर, निळ्या साखरेत लिहिलेलं: 'आर्डिस, निवृत्तीच्या शुभेच्छा.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आर्डिसने सुरी हातात घेऊन म्हटलं होतं, "म्हटलं पुरे झालं आता, जरा तळ्याकडेही बघावं माणसाने." लोक हसले होते. आपल्याला काढलं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्लिनलासुद्धा तिने "झालं एकदाचं" एवढंच सांगितलं होतं, आणि त्यानेही "बरं झालं" एवढंच म्हटलं होतं, आणि उठून तिच्या गाडीचे टायर तपासायला गेला होता, भर मार्च महिन्यात, अंधार पडत असताना. आता सही केली की तो केक खोटा ठरणार. सगळ्या गावाने खाल्लेला.

काढलं ते अगदी गोडीगुलाबीने. कोल्बी नावाचा एक पोरगा कंपनीने शहरातून आणला होता—छान दात, छान बूट, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवणारा. त्याने फोनच्या खोलीतल्या एकेकीला बोलावून विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? आर्डिस म्हणाली, "तळ्यात, पाय सोडून," आणि दोघंही हसली. तो हसता हसता काहीतरी टिपून घेत होता. पुढच्या महिन्यात त्याच खोलीत तो म्हणाला, आर्डिस, तुम्ही म्हणजे ह्या कंपनीची परंपरा आहात, पण आपला ग्राहक आता तरुण होतोय आणि आम्हाला फोनवर जरा ताजा आवाज हवाय. असं म्हणून त्याने तिच्याकडे टिश्यूचा डबा सरकवला. तिने तो परत त्याच्याकडे सरकवला, कारण त्याला सर्दी झाली असावी असं तिला खरोखरच वाटलं होतं. काढलेल्यांत पन्नाशीच्या आतली एकही नव्हती. महिना उलटायच्या आत त्याच खुर्च्यांवर नव्या पोरी बसल्या. पोरी गुणी होत्या. त्यातल्या एकीला तर तिने बाळंतविडा म्हणून लोकरीचे मोजे विणून दिले होते.

मग मार्लिसने दावा लावला. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मार्लिस—सत्तावन्न वर्षांची, नवरा सोडून गेलेला, एक गुडघा कामातून गेलेला, आणि आता हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर पहाटेपासून गल्ल्यामागे उभी. सरकारी कचेरीत आधी तक्रार नोंदवावी लागते, तिलाही मुदत असते. ती मार्लिसने सगळ्यांच्या वतीने वेळेत नोंदवली, आणि कोर्टातल्या कागदांवर पहिलं नाव तिचं लागलं. बाकीच्या फोनवाल्या बायकांतल्या तिघी-चौघी आल्या. उरलेल्या म्हणाल्या, आर्डिस काय करते ते बघू.

आर्डिसला आधी वाटलं होतं, आपण आहोतच त्यात. त्या धुलाई यंत्राच्या सदोष झाकणाच्या वेळी नाही का, कुठल्याशा दाव्यात आपण काहीही न करता पोस्टाने चेक आला होता, छोटासा, वर्लिनने त्या पैशांत मासे धरायचे गळ आणले. वकील लोक सगळं करतात, आपण गप्प बसायचं, हे तिने तेव्हाच मनात धरलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या ऑर्विलच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाताना मार्लिसने तिचा हा गैरसमज काढला. "अगं ते झाकणाचं वेगळं, त्यात गप्प बसला तो आत. वयाच्या दाव्यात गप्प बसला तो बाहेर. असा कायदाच आहे. ज्याने त्याने आपलं आपण सही करून यायचं." मग ताटलीकडे बघत ती म्हणाली होती, "तू आलीस तर बरं होईल." त्याआधी एकदा, वसंतात, दुकानात गोठवलेल्या भाज्यांपाशी ती म्हणाली होती, "तूही ये ना." म्हणजे दोनदा झालं.

पहिल्यांदा आर्डिस म्हणाली, "छे गं, मी कशाला." दुसऱ्यांदा म्हणाली, "बघते."

आणि ह्यात तिचं काही चुकलं असं इथल्या कुणीही म्हटलं नसतं. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'नको गं, कशाला उगाच', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी एवढंसं'—ही ह्या भागाची रीत. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस एक तर शिकागोचा असतो, नाहीतर हावरट. ताटलीतली शेवटची वडी कुणी उचलत नाही. तिची अर्धी होते, मग पाव होते, मग तिचं इतकं बारीक होतं की ती पक्ष्याला टाकावी लागते. आर्डिसचं लग्नसुद्धा तसंच ठरलं होतं, वर्लिनने तीन उन्हाळे विचारलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तो गप्प बसला असता तर? ...पण तो इथलाच होता, त्याला माहीत होतं. कोर्टाला ही रीत कुणी शिकवली नव्हती. कोर्टाने एकदा कागद पाठवला, मध्यंतरी आठवणीचं कार्ड पाठवलं, आणि आर्डिस मनाच्या एका कोपऱ्यात, अगदी प्रामाणिकपणे, तिसऱ्या आग्रहाची वाट बघत राहिली. वेडेपणा होता. आज सकाळी दात घासताना तिला तो स्वतःशीच कळला, आणि ती आरशात बघून थोडी हसली. पण म्हणून उठून सही केली असंही नाही.

तीनच्या कॉफीला मार्लिस येणार होती, आणि आर्डिसने सकाळीच रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या केल्या होत्या. मार्लिस विचारील. आज शेवटचा दिवस. आज ती तिसऱ्यांदा विचारील आणि मी म्हणेन, बरं बाई, तुझ्यासाठी म्हणून. झालं. म्हणजे केकचंही काही बिघडणार नाही. लोकांना सांगता येईल, मार्लिसला सोबत हवी होती.

मार्लिसची गाडी आली ती आधी ऐकू आली, मग दिसली. पंपाचा लाल सदरा अजून तिच्या अंगात होता.

"काय म्हणतेस?" आर्डिस म्हणाली.

"चाललंय. तुझं?"

"चाललंय."

"वाटाणे लवकर आले गं तुझे."

"उकाडा."

"हो ना, उकाडा."

मार्लिस खुर्चीत बसली ती एका बाजूने, वाईट गुडघा लांब करून. आर्डिसने वडी पुढे केली. नको म्हणाली. पुन्हा पुढे केली. नको गं, कशाला. मग आर्डिसने न बोलता ती तिच्या ताटलीत ठेवली आणि मार्लिसने ती भुकेल्या माणसासारखी चार घासांत संपवली. आर्डिसने दुसरी ठेवली. मग पंपावरच्या गमती झाल्या—एक मासेमार जिवंत आमिषांचा डबा गल्ल्यावर विसरून गेला आणि दुसऱ्याने सॅलड समजून उघडला. आर्डिस मनापासून हसली. तळ्यातून वर्लिनने हात वर केला, मार्लिसनेही केला. कॉफी झाली, दुसरी झाली. कोर्टाचं नाव नाही. मार्लिस ह्या विषयाच्या कडेकडेने चालत होती, ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून माणूस चालतो तशी. आणि आर्डिस वाट बघत होती, आत कुठेतरी हात पुढे करून...

"पाद्रीबाई विचारत होत्या तुझं," मार्लिस म्हणाली. "रविवारी प्रार्थनेत बायबल वाचायला कुणी मिळत नाही म्हणाल्या. दोन वर्षं झाली, तू पुस्तक हातात धरलं नाहीस. चर्चच्या गाण्यालाही येत नाहीस."

"छे, माझं कसलं आता," आर्डिस म्हणाली, दाणे चाळवीत. "तरुण पोरींनी वाचावं. ऐकणाऱ्यांनाही जरा ताजा आवाज—"

ती थांबली.

पातेल्यातले तिचे हात थांबले. हे वाक्य माझं नाही... हे मी कुठे ऐकलं ते मला माहीत आहे; टिश्यूचा डबा, छान दात, हसरा चेहरा. पण ते माझ्या तोंडात कधी आलं? केव्हापासून राहतंय इथे? आणि मग एकामागून एक गोष्टी तिच्यापुढे यायला लागल्या, आणि त्या थांबवायचं तिच्या मनातही आलं नाही: की फोन वाजला की आता वर्लिन उचलतो, आणि तो उचलेपर्यंत ती सिंकपाशी उभी राहून भांडी खळबळत असते, की डुलुथच्या नातवंडांना फोनवर गोष्ट सांगायची ती हल्ली टाळते, म्हणते, आलात की सांगेन, की बोलण्याआधी ती घसा साफ करते, प्रत्येक वेळी, दुकानात दूध मागायचं असलं तरी—जसं काही आतून काहीतरी जुनं निघणार आहे आणि लोकांची आधीच माफी मागितलेली बरी. सुख खरं होतं. तळं खरं होतं, वाटाणे खरे होते. पण त्या सुखात ती किती हळू आवाजात राहत होती... दोन वर्षं. आणि हे आपण स्वतःच ठरवलं असं तिला वाटत होतं.

"काय गं?" मार्लिस म्हणाली.

"काही नाही."

मार्लिसने तिच्याकडे पाहिलं, बरंच पाहिलं, आणि मग दोन्ही हात मांड्यांवर आपटून म्हणाली, "बरं तर मग." म्हणजे निघाली. निघाली म्हणजे आधी व्हरांड्याच्या पायरीवर उभं राहून हवेचं बोलणं झालं, मग टोमॅटोच्या वाफ्यापाशी थांबून किडीचं झालं, मग गाडीच्या दाराशी वर्लिनच्या पाठीचं झालं, मग ती गाडीत बसली, इंजिन सुरू केलं आणि काच खाली करून कोपर बाहेर ठेवलं. इथे शेवटचं बोलणं नेहमी ह्या काचेतून होतं. जे खरोखर सांगायचं असतं ते इथेच.

मार्लिस म्हणाली, "वड्या छान झाल्यात."

"मार्लिस," आर्डिस म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"मला वाटलं तू विचारशील."

"माहीत आहे मला." मार्लिसने समोरच्या काचेतून पाहिलं. "येताना सगळ्या रस्त्याने तेच घोकत आले. आता विचारते, वळणावर गेल्यावर विचारते... मग म्हटलं, नको. तू इतकी भली आहेस की तिसऱ्यांदा विचारलं तर येशील. मग मला म्हणशील, तुझ्यासाठी आले. वकील तुला खुर्चीत बसवून विचारतील, तुमचं काय नुकसान झालं बाई, तर तू म्हणशील, माझं काही नाही हो, मी मार्लिसला सोबत म्हणून आले."

आर्डिसला हसू आलं, कारण ती अगदी हेच म्हणाली असती.

"मला सोबत नको आहे असं नाही," मार्लिस म्हणाली. "हवीच आहे. पहाटे त्या गल्ल्यामागे मी एकटीच खुळी आहे असं वाटतं मला. सगळं गाव म्हणतं, आर्डिस बघा कशी हसतमुखाने निवृत्त झाली, आणि ही मार्लिस बघा, भांडतेय. वाईट वाटतं गं. पण तुझंही नुकसान झालं असेल तर तू ये. नसेल झालं तर नको येऊस, मी रागावणार नाही."

आर्डिसने गाडीच्या दारावर हात ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता.

"मी निवृत्त नाही झाले," ती म्हणाली. घसा साफ न करताच म्हणाली, त्यामुळे आवाज खरखरीत आला. "मला काढलं."

"हो गं राणी," मार्लिस म्हणाली, अगदी सहज, जशी उकाड्याबद्दल म्हणाली होती. "मी शेजारच्याच खुर्चीत होते."

तिने गिअर टाकला, दोन बोटं वर केली आणि गाडी धूळ उडवत वळणावर गेली. काही कोसळलं नाही. आर्डिसला वाटलं होतं काहीतरी कोसळेल—निदान तो केक, तो तळघरातला हशा, तळ्याकाठची ही मऊ दुपार—पण दुपार होती तशीच होती, पाण्यावर ऊन होतं, आणि वर्लिन धक्क्यावर बसून पायातले रबरी बूट ओढून काढत होता. चार वाजून गेले होते.

"गेली का?" त्याने लांबून विचारलं.

"गेली."

"काय म्हणाली?"

"काही नाही. तिने विचारलंच नाही."

वर्लिनने बूट उलटा करून पाणी ओतलं. काय विचारायचं राहिलं, ते तो विचारणार नव्हता. माहीत होतं त्याला. दोन वर्षं माहीत होतं, टायर तपासायला गेला तेव्हापासून. "मग," तो बुटाकडे बघत म्हणाला, "तुला काय हवंय?"

काही नको, हे आर्डिसच्या जिभेवर तयार होतं, आयुष्यभर तयारच असायचं. आणि त्याच्या खाली, त्याला अजिबात न जुमानता, राग होता—चांगला धडधाकट राग, कोल्बीवर, त्या टिश्यूच्या डब्यावर, त्या डब्याला सर्दीचा डबा समजणाऱ्या बाईवर—आणि तो रागावलेला जीव आणि हा सुखी जीव एकाच अंगात शेजारी शेजारी बसले होते, कुणीही कुणाला उठ म्हणत नव्हतं. तिला ह्याचं नवल वाटलं. इतके दिवस तिची समजूत होती की दोघांपैकी एकच खरं असणार. सुखी माणसावरही अन्याय होतो की. तो सुखी आहे म्हणून अन्याय करणाऱ्याला सूट कुणी दिली?

मला माझा आवाज वाईट आहे असं कुणी सांगायला नको होतं. मला तिथे बसायचं होतं. डाकोटातल्या त्या बाईला मला सांगायचं होतं, घाबरू नका. मी गेले असते एक दिवस, माझ्या वेळेला, माझ्या पायांनी, केक कापून. तो दिवस माझा होता. तो त्यांनी घेतला आणि मी थँक यू म्हणाले.

वर्लिन थांबला होता. एकदाच विचारून तो थांबला होता, पुन्हा विचारायची तयारी तोंडावर ठेवून, त्या तीन उन्हाळ्यांसारखी. त्याच्या ओठांची हालचालही सुरू झाली होती. पण तिला त्याची गरज उरली नव्हती. मार्लिससाठी नाही, कोर्टासाठी नाही, कुणी फारच म्हणालं म्हणून नाही—तिला त्या कागदावर आपलं नाव हवं होतं, ताटलीतली शेवटची वडी आख्खी उचलावी तसं, पहिल्याच फटक्यात, सगळ्यांदेखत हवं होतं, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.